‘पॉझिटिव्ह’ थेरपिस्टचा शोध : आबे फारिया ते सेलिगमन

अलीकडे एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. “पॉझिटिव्ह सायकॉलॉजीवाला कोणी चांगला थेरपिस्ट ठाऊक आहे का हो?” विचारणारा बहुधा स्वतःसाठी विचारत नसतो. कुणाची मुलगी बारावीच्या निकालानंतर खोलीबाहेर येत नाही, कुणाच्या भावाची आखातातून परतल्यापासून झोप उडालेली असते, कुणाची आई वडील गेल्यापासून गप्प गप्प असते. ‘मानसोपचार’ हा शब्द आपल्या घरांत अजूनही जड वाटतो. वाड्यावर बोभाटा होईल, मुलीचे लग्न अडेल, ही भीती असतेच. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द त्या मानाने हलका आणि हसरा. त्याला औषधाचा वास येत नाही. म्हणून माणसे तोच शब्द धरून शोधाला लागतात.

या शोधाला हसण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की या एका शब्दाखाली आज निदान तीन निरनिराळ्या गोष्टी चालतात: संमोहनाच्या सूचना, ‘चांगला विचार करा’ छापाची शिबिरे, आणि विद्यापीठात जन्मलेले सकारात्मक मानसशास्त्र. तिघांचा इतिहास वेगळा आहे. तो ठाऊक नसला की गरजू माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. आणि गंमत म्हणजे या इतिहासाचे एक टोक आपल्याच कांदोळीत आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ साली घडवला. झगा घातलेला, हात पसरलेला पुरुष आणि त्याच्यासमोर कोसळणारी स्त्री. लहानपणी तो पाहताना हा कोणी जादूगार आहे असेच आपल्यापैकी बहुतेकांना वाटलेले असते. हातांतून काहीतरी अदृश्य निघते आणि त्या बाईला पाडते! प्रत्यक्षात असे काही निघत नाही, हे सांगण्यातच या माणसाचे शेवटचे आयुष्य गेले.

जुझे कुस्तोद फारिया १७५६ साली कांदोळीत जन्मले. आईवडील पुढे विभक्त झाले. आई जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात जोगीण झाली आणि वडील पाद्री. १७७१ मध्ये वडिलांनी मुलाला घेऊन लिस्बन गाठले. पुढे १७८० मध्ये मुलाला रोममध्ये पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतरची एक आख्यायिका गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. लिस्बनला राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाला उभे राहिलेले तरुण फारिया समोरचे सरदार-दरकदार पाहून गांगरले, तोंडातून शब्द फुटेना. खाली उभ्या असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” आणि मुलाची जीभ मोकळी झाली. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यात एक मर्म आहे. वडिलांनी मुलाला नवी विद्या दिली नाही की धीराचे व्याख्यान दिले नाही. प्रवचन मुलापाशी होतेच. मायबोलीतल्या चार शब्दांनी अडलेला दरवाजा तेवढा उघडला.

पिंटोंच्या बंडाचा १७८७ मध्ये बोभाटा झाला तेव्हा संशयाची सावली फारिया बापलेकांवरही पडली. १७८८ मध्ये मुलाने पॅरिस गाठले. तिथे राज्यक्रांती पाहिली, तिच्यात भागही घेतला, पुढे फ्रान्सच्या दक्षिणेत तत्त्वज्ञान शिकवले. आणि १८१३ मध्ये पॅरिसला परत येऊन प्राणिज चुंबकत्वावर जाहीर वर्ग सुरू केले.

हे चुंबकत्व म्हणजे व्हिएन्नाच्या डॉक्टर मेस्मर यांचे प्रकरण. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे, तो शरीरात अडला की आजार होतो आणि उपचारकाच्या हातांतून तो पुन्हा वाहता होतो, असे ते सांगत. पॅरिस त्यांच्यामागे वेडे झाले होते. फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये चौकशीसाठी समिती नेमली. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीने निकाल दिला की असा कोणताही द्रव नाही; दिसतो तो सारा कल्पनाशक्तीचा परिणाम. समितीचे काम तिथे संपले. पण कल्पनाशक्तीने जर माणूस बरा होत असेल, तर ही शक्ती आहे तरी काय, हा प्रश्न तसाच राहिला. तो फारियांनी उचलला.

फारिया माणसाला खुर्चीत शांत बसवत, मन एकाग्र करायला सांगत आणि ठाम आवाजात हुकूम देत: झोपा! काहींना ती झोप लागे, काहींना लागत नसे. यावरून त्यांनी ताडले की कारण उपचारकाच्या हातात नसून झोपणाऱ्याच्या ठायी आहे. उपचारकापाशी कोणतीही दैवी शक्ती नाही. तो फक्त निमित्त. हे ऐकून कोणीच खूश झाले नाही. चुंबकवाल्यांचा धंदा बुडत होता, धर्मपीठाला यात सैतान दिसत होता आणि रंगभूमीला विनोदाचा विषय मिळाला होता. १८१६ मध्ये त्यांची टवाळी करणारे प्रहसन पॅरिसच्या रंगमंचावर आले. वर्ग बंद पडले. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते गेले. पुढे अलेक्झांडर द्यूमा यांनी ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतल्या तुरुंगातल्या पाद्र्याला त्यांचे नाव दिले. जगाला तो कादंबरीतला फारिया आठवतो. खरा फारिया मात्र नान्सीच्या डॉक्टरांनी जिवंत ठेवला.

फ्रान्समधल्या नान्सी शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेच्या सामर्थ्यावर उपचार उभे केले. फारियांचे ऋण बर्नहाइम यांनी मान्य केले आहे. लिएबोंकडे शिकून गेलेला एक औषधविक्रेता होता, एमिल कुए. त्याने ठरवले की सूचना द्यायला दुसरा माणूस तरी कशाला हवा? आपली सूचना आपणच द्यावी. रोज झोपताना आणि उठताना, आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत या अर्थाचे एक वाक्य वीस वेळा पुटपुटायचे. १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेत कुएची लाट आली. तिथून पुढचा टप्पा म्हणजे अमेरिकन धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे १९५२ चे ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’. आपल्याकडे दोन-तीन हजार रुपये घेऊन हॉटेलच्या सभागृहात ‘पॉझिटिव्ह व्हा’ म्हणून टाळ्या वाजवायला लावणारी जी शिबिरे भरतात, त्यांची वंशावळ ही अशी आहे. त्यातले काही माणसाला उभारी देत असेलही. पण वाटेत एक गोष्ट गळून पडली. फारिया निरीक्षण करत होते, कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही ते पाहत होते. शिबिरात तसे पाहणारे कोणी नसते. गुण आला तर श्रेय शिबिराचे, नाही आला तर दोष तुमच्या विचारांचा. आधीच खचलेल्या माणसाला हा दुसरा मार पेलत नाही.

आता तिसरी गोष्ट, म्हणजे खरे सकारात्मक मानसशास्त्र. तिचा जन्म वेगळ्या घरातला.

‘पॉझिटिव्ह सायकॉलॉजी’ हे शब्द अब्राहम मॅस्लो यांनी १९५४ मध्येच एका प्रकरणाच्या मथळ्यात वापरले होते. मानसशास्त्राने माणसाचा आजार पुष्कळ अभ्यासला, त्याचे निरोगीपण मात्र अभ्यासले नाही, ही त्यांची तक्रार. तिला कारणही होते. दुसऱ्या महायुद्धातून लाखो सैनिक मनाने मोडून परत आले होते. अमेरिकेत १९४६ मध्ये मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कायदा झाला, १९४९ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिली, संशोधनाला पैसा मिळू लागला. तो पैसा आजारासाठी होता, म्हणून संशोधनही आजाराचे झाले. त्यातून खरोखर मोठे काम झाले हे विसरता कामा नये. पण चांगले जगणे म्हणजे काय, हा प्रश्न कोपऱ्यात पडला.

तो परत मध्यभागी आणला मार्टिन सेलिगमन यांनी. या गृहस्थांची कीर्ती मुळात अगदी उलट्या विषयामुळे होती. १९६७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काहीही केले तरी विजेचा धक्का चुकत नाही असा अनुभव आलेले अनेक कुत्रे, पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही निमूट पडून राहत. याला त्यांनी ‘शिकलेली असहायता’ म्हटले. नैराश्य समजून घ्यायला ही कल्पना फार उपयोगी पडली. पण त्यातच एक दुसरा धागा होता. काही कुत्रे काही केल्या हार मानत नव्हते. ते का? या ‘का’च्या मागे सेलिगमन आयुष्यभर गेले. पुढे २०१६ मध्ये, मेंदूविषयी नवी माहिती हाती आल्यावर, त्या दोघांनीच आपला सिद्धांत उलटा केला: असहायता शिकावी लागत नाही, ती दीर्घ त्रासाला शरीराने दिलेली मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावे लागते ते आपल्या हातात काही आहे हे. पन्नास वर्षांनी आपलेच म्हणणे बदलायला मोठेपणा लागतो.

सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सकारात्मक मानसशास्त्र हाच अध्यक्षीय विषय घेतला. त्याचे बीज त्यांनी घरच्या बागेत सांगितले आहे. तण उपटत असताना पाच वर्षांच्या मुलीवर ते खेकसले. तिने येऊन शांतपणे ऐकवले की पाचव्या वाढदिवसापासून आपण रडगाणे थांबवले आहे, तर बाबांनाही चिडचिड थांबवता येईल. मुलीतले दोष काढणे म्हणजे तिला वाढवणे नव्हे, तिच्यात जे बळ आहे ते ओळखणे म्हणजे वाढवणे, असे त्यांच्या मनात आले. त्यांच्या जोडीला हंगेरियन वंशाचे मिहाय चिक्सेंटमिहाय होते, ज्यांनी कामात देहभान हरपण्याच्या अवस्थेचा अभ्यास केला. क्रिस्टोफर पीटरसन यांनी सेलिगमन यांच्यासह २००४ मध्ये माणसातल्या २४ गुणबळांची यादी सिद्ध केली. त्यासाठी ग्रीक, ज्यू, ख्रिस्ती, इस्लामी, कन्फ्यूशियसच्या आणि ताओच्या परंपरांबरोबर हिंदू आणि बौद्ध परंपराही पाहिल्या गेल्या.

मग थेरपिस्ट कधी आला? तो सर्वांत शेवटी आला. २००५ मध्ये काही साध्या कृती तपासल्या गेल्या. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी कारणासकट लिहायच्या. आपले ठळक गुणबळ रोज नव्या तऱ्हेने वापरायचे. एक आठवडा केलेल्या या कृतींचा परिणाम सहा महिने दिसला. २००६ मध्ये सेलिगमन, तय्यब रशीद आणि अकेशिया पार्क्स यांनी नैराश्यासाठी ‘सकारात्मक मानसोपचार’ मांडला आणि २०१८ मध्ये रशीद-सेलिगमन यांची उपचारकांसाठीची पुस्तिका आली. चौदा-पंधरा बैठकांची ही पद्धत. पहिल्याच बैठकीत ‘तुम्हाला काय होते’ एवढेच न विचारता, तुम्ही तुमच्या सर्वोत्तम रूपात कधी होता ती गोष्ट सांगा, असे विचारतात. पण पुढे कडू आठवणीही येतात, जुने राग येतात, क्षमा येते. दुःखाला दाराबाहेर ठेवणारा हा उपचार नाही.

इथे एक नामसाधर्म्य लक्षात ठेवावे. जर्मनीतल्या वीसबाडेनला इराणी वंशाचे डॉक्टर नोसरत पेसेश्कियान यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जी पद्धत उभारली, तिचेही नाव सकारात्मक मानसोपचारच. तिथे ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ मूळ लॅटिन शब्दावरून ‘जे आहे ते’, म्हणजे दुःख आणि सामर्थ्य दोन्ही मिळून. ते आपल्या उपचारात पूर्वेकडच्या गोष्टी-दृष्टान्त सांगत. दोन्ही पद्धती आदरणीय, पण घराणी वेगळी. प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला ‘कोणत्या घराण्याचे?’ असे गाण्यातल्यासारखे विचारायला हरकत नाही.

या शास्त्राचे डागही सांगितले पाहिजेत. २००५ मध्ये एका गाजलेल्या लेखात असा दावा होता की सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचे प्रमाण २.९०१३ ला एक असे झाले की माणूस बहरतो. मनाचे माप चार दशांश स्थळांपर्यंत! २०१३ मध्ये निक ब्राउन, अॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यामागचे गणितच पोकळ असल्याचे दाखवले आणि गणिताचा तो भाग नियतकालिकाला मागे घ्यावा लागला. ५१ अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये या कृतींचा परिणाम बऱ्यापैकी मोठा असल्याचे म्हटले गेले. २०१९ मध्ये तेच आकडे पुन्हा काटेकोर तपासले तेव्हा परिणाम बराच छोटा निघाला. बार्बरा एहरनराइक यांनी २००९ मध्ये आणखी मुळावर बोट ठेवले. स्वतः कर्करोगातून जाताना ‘हसत राहा’ची सक्ती किती क्रूर होऊ शकते, हे त्यांनी लिहिले. तेव्हा हे शास्त्र उपयोगी आहे, पण रामबाण नाही. जो थेरपिस्ट हे मान्य करतो तो विश्वासाला पात्र.

आता परत गोव्यात येऊ, कारण इथे एक मोठी गोष्ट घडलेली आहे आणि तिची चर्चा आपल्या घरांत होत नाही. १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू झाली. तिच्या संशोधकांनी राज्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला आणि २०१७ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यक साप्ताहिकात आला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. गावातलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ बैठका. काय करायचे, तर बंद पडलेल्या आयुष्यात एकेक कृती परत आणायची. शेजारणीकडे जाणे, बागेला पाणी घालणे, सुटलेले शिवणकाम पुन्हा हातात घेणे. कामाने मन हलते, मन हलेपर्यंत काम थांबवायचे नाही. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते. फक्त नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

याला कोणी ‘पॉझिटिव्ह सायकॉलॉजी’ म्हटले नाही. शास्त्रात याचे नाव वेगळे आहे. पण माणसात उरलेल्या बळाला हात घालायचा, हे सूत्र तेच. म्हणून मला वाटते, पाटीवरच्या शब्दाचा शोध सोडावा आणि काही प्रश्न घेऊन जावे.

पहिला, शिक्षण काय? मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागावा, खरा माणूस रागावत नाही. समुपदेशक असेल तर पदवी कशाची, प्रत्यक्ष अनुभव किती, कोणा ज्येष्ठाच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारावे. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण नव्हे.

दुसरा, तुम्ही नेमके काय करता, आणि गुण येतो आहे की नाही हे कसे मोजता? याचे उत्तर साध्या भाषेत आले पाहिजे. तिसरा, तुमच्या आवाक्याबाहेरचे असेल तर कोणाकडे पाठवता? आत्महत्येचे विचार, भास, पराकोटीचा उन्माद इथे तीन चांगल्या गोष्टींची वही पुरत नाही. डॉक्टरच्या गोळ्या बंद करा, असे कोणी पहिल्याच दिवशी सांगितले तर चपला घालाव्या आणि निघावे. हमी देणाऱ्याच्या बाबतीतही तेच.

आणि चौथा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: माझ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलाल का? आयुष्यभर कोकणीत रडलेल्या आणि मराठीत पोथी वाचलेल्या आईला इंग्रजी प्रश्नावली देऊन तिचे गुणबळ सापडणार नाही.

बोभाट्याची भीती असेल तर एवढे ध्यानात असू द्यावे की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा विनाशुल्क क्रमांक आहे, जिथे अपरात्रीही कोणी तरी ऐकणारे असते. जीव नकोसा झालेल्या माणसाच्या घरात हा आकडा भिंतीवर लिहिलेला बरा.

पुढच्या वेळी पणजीला जाल तेव्हा त्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबा. त्या पसरलेल्या हातांत काही नाही, हे त्या कांदोळकराने दोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. चांगला थेरपिस्टही तेच सांगतो. जे आहे ते समोरच्या माणसापाशी आहे. आपण खाली उभे राहून, त्याच्या भाषेत, योग्य वेळी चार शब्द बोलायचे. भाजी कातरायची ती त्यानेच.